त्या दिवसाची प्रत

माझ्या कामाचं नाव सांगितलं की लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत. महाप्याच्या एका काचेच्या इमारतीत बसून आम्ही दुसऱ्यांच्या जुन्या सर्व्हरच्या प्रती सांभाळतो. लिनक्सच्या काही आवृत्त्या अशा आहेत की त्या बनवणाऱ्यांनीच त्यांना कधीचं सोडून दिलं. त्यांना दुरुस्त्या येत नाहीत, नवी यंत्रं ओळखता येत नाहीत. तरी त्यांच्यावर चालणारे सर्व्हर कारखान्यांत, शाळांत, दवाखान्यांत अजून गुणगुणत असतात. चालतात म्हणून कोणी हात लावत नाही, आणि बंद केला तर पुन्हा उठेल की नाही या भीतीनं कोणी बंदही करत नाही. अशा सर्व्हरची रोज एक प्रत क्लाउडमध्ये, म्हणजे कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या भाड्याच्या यंत्रांवर, नेऊन ठेवायची आणि मूळ सर्व्हर मेलाच तर ती प्रत त्याच्या जागी उभी करायची, एवढंच आमचं काम.

माझी बायको याला हसायची. म्हणायची, "विम्याच्या एजंटापेक्षा तुझं वाईट. त्याला निदान लोक चहा तरी विचारतात." ती शाळेत इतिहास शिकवायची. आम्ही दोघं एकाच कॉलेजच्या वाचनालयात समोरासमोर बसून एकमेकांना ओळखू लागलो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही.

ती जाऊन आता वर्ष व्हायला आलं. तिच्याविषयी लिहायचं म्हणून मी बरेचदा कागद पुढे घेतला, आणि प्रत्येक वेळी लिहिणं कामाकडेच वळलं. हल्ली मी ते वळू देतो. ज्या गोष्टीत ती आहे, ती कामातूनच जाते.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. खारघरला आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर एका धर्मादाय संस्थेचं डायलिसिस केंद्र आहे. आठवड्यातून तीनदा सकाळी आम्ही तिथे जायचो. एका लांब खोलीत खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र. आत पेशंट, बाहेर बाकावर त्यांची माणसं. मी पुस्तक घेऊन बसायचो. बाकावरची बाकीची माणसं पहिले काही दिवस मला हसली, मग त्यांनी माझी जागा भिंतीकडे, उजेडात, ठरवून टाकली. डायलिसिसच्या बाकावर माणसं एकमेकांची नावं फारशी विचारत नाहीत. कोण कुठल्या खुर्चीचं, एवढं पुरतं.

त्या केंद्राची एक रीत होती. बायकोला लगेच आवडलेली. कोणाला एखाद्या दिवशी येता येणार नसेल तर त्यानं आदल्या दिवशी कळवायचंच, कारण खुर्च्या कमी आणि वाट पाहणारे जास्त. कळवलं तर ती खुर्ची वाट पाहणाऱ्या कोणाला तरी मिळते. न कळवता कोणी गैरहजर राहिलं की त्या सकाळी एक यंत्र नुसतं उभं राहतं आणि कुठेतरी कोणाच्या तरी अंगात पाणी साचत राहतं. एकदा तिला ताप आला होता. डोळे उघडत नव्हते, तरी तिनं आधी केंद्राला फोन लावायला लावला आणि मग क्रोसिन घेतली.

किडनी काम करत नसलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं. यंत्रानं किती पाणी काढायचं हे त्या माणसाच्या 'ड्राय वेट'वरून, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाच्या वजनावरून ठरतं. कमी काढलं तर दम लागतो, जास्त काढलं तर पायांत गोळे येतात, रक्तदाब पडतो. माणूस जाड-बारीक होतो तसा हा आकडा बदलतो, आणि डॉक्टर तो अधूनमधून बदलून संगणकात नोंदवतात. एका सकाळी केंद्राचा संगणक उठलाच नाही. नर्सेस प्रत्येकाला विचारत फिरल्या, तुमचं ड्राय वेट किती. बायकोनं आपलं सांगितलं, वर कधी बदललं तेही सांगितलं. तिच्या शेजारच्या खुर्चीवर उरणच्या बाजूच्या एक म्हाताऱ्या आजी असायच्या. त्या म्हणाल्या, "मला काय म्हाईत बाय, तुमीच तं लिवता." कुणीतरी जुनी फाइल काढली, तिच्यातला आकडा घेतला. मधल्या काळात तो बदललेला होता. पाणी जास्त निघालं. आजी ओरडल्या नाहीत, नुसता पदर तोंडात धरला. त्यांच्या नवऱ्याला आत बोलावलं, आणि ते बाबा त्यांच्या पोटऱ्या दोन्ही हातांनी दाबत जमिनीवर बसून राहिले.

घरी जाताना रिक्षात बायको म्हणाली, "तू जगभरच्या सर्व्हरचे डुप्लिकेट ठेवतोस ना? मग इथे का नाही?"

मी केंद्राच्या डॉक्टरबाईंना भेटलो. त्यांचा सर्व्हर जिन्याखालच्या एका कपाटात होता. त्यावरचं लिनक्स इतकं जुनं होतं की मला ते पाहून आपल्या पहिल्या नोकरीचे दिवस आठवले. त्याच्यासाठी लिहिलेला पेशंटांचा प्रोग्रॅम नव्या लिनक्सवर चालत नव्हता, आणि तो लिहिणारा माणूस परदेशी गेला होता. आमच्या कंपनीनं ते काम घेतलं. रोज एक प्रत क्लाउडमध्ये जाऊ लागली. बायकोनं बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं की आता काळजी नको, आमच्या घरातला माणूस राखण करतोय. मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

पुढे तिला जंतुसंसर्ग झाला. वाशीच्या हॉस्पिटलात काही दिवस होती, आणि एका दुपारी तिचं हृदय थांबलं. आम्ही बौद्ध. माझे वडील कोकणातल्या गावातून रबाळ्याच्या कारखान्यात आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. आमच्यात गेलेल्या माणसाचं पान वाढत नाहीत, कावळ्याची वाट पाहत नाहीत. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तिच्या विद्यार्थिनींनी पांढऱ्या साड्या नेसून वंदना म्हटली. भंते म्हणाले, जे जे उत्पन्न होतं ते ते नाश पावतं. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं.

तिचा फोन मात्र बंद करता आला नाही, कारण गॅसचा ओटीपी तिच्याच नंबरवर येतो, विजेचं बिलही. मी तो चार्ज करून बॅगेत ठेवतो. ऑफिसात आल्यावर ड्रॉवरमध्ये.

तिच्यानंतर काही महिन्यांनी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईनं मला बोलावून स्क्रीन दाखवला. आम्ही दोघं बरोबरीचे. मी जेवणाच्या सुट्टीत वाचतो म्हणून तिनं माझं नाव 'वाचनालय' ठेवलंय. ती म्हणाली, "वाचनालय, तुझ्या डायलिसिसवाल्यांच्या प्रती येतायत, पण उठत नाहीत." प्रती काढणाऱ्या प्रोग्रॅमची मधे नवी आवृत्ती आली होती, आणि तिनं इतक्या जुन्या लिनक्सची दखल घेणं सोडून दिलं होतं. माहिती रोज नीट येत होती. पण ती प्रत उभी करायला गेलं की यंत्र अर्ध्यावर येऊन थांबे, कारण त्या लिनक्सला क्लाउडमधली डिस्कच ओळखता येत नव्हती. उठणारी शेवटची प्रत शोधत ती मागे मागे गेली. सापडली ती त्या बदलाच्या आधीची. मी तारीख पाहिली. तेव्हा बायको होती.

ही गोष्ट साधी नव्हती. जिन्याखालचा सर्व्हर उद्या मेला असता तर केंद्रात रोज सकाळी येणाऱ्या साऱ्यांचे आकडे आमच्याकडे असूनही त्यांच्या हाती लागले नसते. पुन्हा कोणीतरी जुनी फाइल काढली असती. सर्व्हरच्या पंख्याचा आवाजही आता खरखरत होता, असं केंद्रातून कळलं होतं. म्हणून आम्ही ठरवलं की उठणाऱ्या जुन्या प्रतीवर ड्रिल करायची. आमच्याकडे ड्रिल म्हणजे खोटं मरण. मूळ सर्व्हर मेला असं समजायचं, प्रत क्लाउडमध्ये उठवायची, आणि ती बाहेर कोणाशी बोलणार नाही अशी बंदिस्त ठेवून तपासायची. जुनी प्रत नीट उठली तर तिच्या उठण्याच्या भागात नवी माहिती भरता येईल, असा आमचा विचार होता.

एका दुपारी, जेवणानंतर, आम्ही ती उठवली. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी सरकत गेल्या आणि यंत्र उभं राहिलं. सहकारी बाई खूश झाली. म्हणाली, "म्हातारं उठलं बघ, काठी टेकत." आम्ही दोघं हसत होतो, तेवढ्यात माझ्या ड्रॉवरमध्ये फोन वाजला.

तो माझा नव्हता. मला वाटलं गॅस. उघडून पाहिलं तर केंद्राचा मेसेज होता, बायकोच्या नावानं, आडनावासह. "उद्या सकाळी सात वाजता आपले डायलिसिस आहे. कृपया वेळेवर यावे. येणे शक्य नसल्यास कळवावे, म्हणजे आपली खुर्ची दुसऱ्या रुग्णाला देता येईल."

मी फोन सहकारी बाईसमोर धरला. तिनं तो वाचला आणि माझ्याकडे न बघता आधी यंत्राची तार तोडली, म्हणजे त्याचा बाहेरचा सगळा रस्ता एका आज्ञेनं बंद केला. मग माझ्यासाठी पाणी आणलं.

काय झालं ते तासाभरात कळलं. ती प्रत ज्या दिवशी काढली होती, त्याच दिवसात ती जागी झाली. तिच्या लेखी आज म्हणजे तो दिवस. रोज दुपारी दुसऱ्या दिवशीच्या पेशंटांना आठवण पाठवायची तिची सवय होती, ती तिनं पाळली. मेसेज बाहेर जाऊ नयेत म्हणून आम्ही कुलूप घातलं होतं. पण ते कुलूप यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या नावावर होतं, आणि क्लाउडमध्ये उठताना कार्डाला वेगळं नाव मिळालं. कुलूप नीट लागलेलं होतं, पण ज्या दाराला लावलं ते दार तिथे नव्हतं. आम्ही दोघांनीही ते तपासलं होतं. अशी चूक फक्त आमच्या धंद्यातच होऊ शकते, आणि आमच्या धंद्यात कुणाची चूक असं विचारत नाहीत, काय चुकलं एवढंच लिहितात. तरी तिचा चेहरा उरलेला दिवसभर उतरलेला होता. संध्याकाळी निघताना ती एवढंच म्हणाली, "तुझ्याकडे तो फोन नसता तर आपल्याला कळलंच नसतं रे."

मेसेज कोणाकोणाला गेले हे केंद्राला कळवायला हवं होतं. म्हणून त्याच दुपारी ते यंत्र, सगळे रस्ते बंद ठेवून, आम्हाला पुन्हा जागं करावं लागलं. स्क्रीनवर उद्याची यादी आली. त्या दिवसाची उद्या. तिसऱ्या ओळीत तिचं नाव, खुर्ची, ड्राय वेट, वेळ सकाळी सात. तिच्या खाली उरणच्या आजी. त्या यंत्राच्या आत अजून सगळ्यांना उद्या होती. माझ्या मनात आलं की ती उद्या कशी गेली ते आठवावं. आठवेना. रिक्षा केली असेल. ती शाल विसरली असेल, किंवा नसेल. बाकावर मी काहीतरी वाचत बसलो असेन. इतक्या दिवसांत तो एक दिवस होता, आणि मी त्याच्यासाठी काहीच राखून ठेवलं नव्हतं.

यादी केंद्राला पाठवली. तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीनं संध्याकाळपर्यंत एकेकाला फोन करून सांगितलं की मेसेज चुकून आला. यादीतले जे आजही येत होते ते गोंधळले, जे गेले होते त्यांच्या घरच्यांनी फोन ठेवून दिले. काहींनी तिला खूप बोलून घेतलं. तिनं रडत डॉक्टरबाईंना सांगितलं, आणि डॉक्टरबाईंनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

मी गेलो तेव्हा बाकावरची माझी जागा कोणीतरी घेतली होती. डॉक्टरबाई शांतपणे बोलतात, पण त्या दिवशी त्यांच्या आवाजात धार होती. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटत होतं. हे लोक वर्षानुवर्षं आमच्याकडे येतात, त्यांचं दुःख आम्ही पाहिलेलं असतं, आणि आमच्याच नावानं त्यांना असा मेसेज जातो. संस्थेचे विश्वस्त म्हणतात की ही प्रत-बित नको, आमचा जुना सर्व्हर आहे तसा बरा. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरीही आला असेल ना?" मी हो म्हटलं. मग त्यांच्या आवाजातली धार गेली. पण निर्णय बदलला नाही. प्रती काढणं बंद करायचं. मी सांगायचा प्रयत्न केला की पंखा खरखरतोय, की आत्ताच्या प्रती उठत नाहीत आणि त्या उठत्या करायला मला थोडे दिवस लागतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

एवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी दारात आली. म्हणाली, एक बाबा आलेत, कालच्या मेसेजवाले, मला भीती वाटते. डॉक्टरबाई उठल्या, मीही त्यांच्या मागे गेलो.

ते उरणचे बाबा होते. आजींचे यजमान. मला पाहून ओळखीचं हसले, बायकोविषयी काही विचारलं नाही, म्हणजे त्यांना माहीत होतं. आजीही गेल्या होत्या, पावसाळ्याच्या आधी. अंगात धुतलेला सदरा, हातात टोपी. पहिली बस पकडून आले होते.

मुलगी घाबरत म्हणाली, "बाबा, तो मेसेज चुकून गेला. मी काल तुमाला फोन करत होते."

"मी बी करत व्हतो," ते म्हणाले. "लागंना. मंग आलो." ते डॉक्टरबाईंकडे वळले. "ती काय येनार नाय, तुमाला म्हाईत हाय. पन तुमी लिवलं व्हतं, नाय येनार तं कलवा. म्हटलं सांगून यावा. खुर्ची कोनाला तरी द्या."

डॉक्टरबाईंनी त्यांना बसायला सांगितलं. ते बाकावर बसले, आजींच्या वेळी बसायचे तिथेच. मुलीनं चहा आणला, तो त्यांनी बशीत ओतून प्यायला. मग आतल्या खोलीकडे बघत त्यांनी विचारलं, "कंपुटर परत बिगरला का?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही, बिघडला नाही, बिघडू नये म्हणूनच काही चाललं होतं.

"मागं बिगरल्ता तवा लय पानी कारलं हिचं," ते म्हणाले. "मी पाय धरून बसल्तो. ही म्हने, सोर आता, लोकं बगतात." आणि हसून ते माझ्याकडे वळले. "ह्यांच्या बायनं तवा सगला सांगितला व्हता आपला. हिला काय आकरे येत नव्हते."

निघताना त्यांनी मुलीला हळूच विचारलं की असा मेसेज पुन्हा येईल का. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही बाबा, पुन्हा नाही येणार. ते 'बरा' म्हणाले. त्यांना हायसं वाटलं की नाही, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ते पोराच्या नव्या होडीबद्दल बोलले, उलव्याच्या बाजूच्या नव्या पुलांबद्दल बोलले. त्यांच्या गावातलं मीठ आता कोणी काढत नाही, आगरात सगळा भराव झालाय. बस आली तेव्हा त्यांनी माझा खांदा दाबला, एवढंच.

परत आलो तर डॉक्टरबाई जिन्याखालचं कपाट उघडून उभ्या होत्या. पंख्याचा आवाज ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "विश्वस्तांशी मी बोलते. तुम्ही पुन्हा करा. पण या वेळी कोणाला बोलावू नका." मग म्हणाल्या की प्रत खरी उठली हे त्यांना कागदावरच्या नोंदींशी ताडून बघायचंय, आणि ते त्या स्वतः करतील. दुसऱ्या पेशंटांच्या नोंदी बाहेरच्या माणसाला उघडायची परवानगी त्या देऊ शकत नव्हत्या. "तुम्हाला पडताळायचंच असेल तर तुमच्या घरची नोंद बघा. तेवढा तुमचा हक्क आहे."

पुढचे काही दिवस मी आणि सहकारी बाई त्याच कामावर होतो. जुन्या प्रतीचा उठण्याचा भाग काढून घेतला, ज्या भागाला क्लाउडची डिस्क ओळखता येत होती. त्यात कालची माहिती बसवली. ती बसेना. लिनक्स जुनं असलं की प्रत्येक गोष्ट समजावून सांगावी लागते, एखाद्या वृद्ध माणसाला नवं घर दाखवावं तसं. इथे दिवा, इथे पाणी, हा जिना जपून. कुलूप या वेळी कार्डाच्या नावावर ठेवलं नाही. मेसेज पाठवणारा प्रोग्रॅमच झोपवून ठेवला, आणि वर यंत्राचं तोंडही बांधलं. सहकारी बाईनं ते तीनतीनदा बघितलं.

ड्रिल पुन्हा दुपारीच केली. नवी प्रत उठली. बायकोचा फोन गप्प राहिला. मी तो ड्रॉवरमधून काढून समोर ठेवला होता, आणि माझं लक्ष तिकडेच होतं.

मग पडताळणी. मी बायकोचं नाव घातलं. नोंदी वरून खाली, तारखेनं. वजन आधी, वजन नंतर, रक्तदाब, शेरा. त्या 'उद्या'ची नोंद मी शोधली. होती. बाकी सगळं नेहमीचं होतं, आणि शेऱ्यात नर्सनं लिहिलं होतं, "थंडी वाजते म्हणाली. ब्लँकेट दिले." म्हणजे त्या दिवशी ती शाल विसरली होती. किंवा मी.

त्याखाली आणखी काही आठवड्यांच्या नोंदी होत्या. मग शेवटची. मग काही नाही. माहिती पूर्ण होती, कुठे खंड नव्हता. माहिती पूर्ण असण्याचा अर्थच तो होता.

शेवटी उद्याची यादी काढली, खरी उद्या. नावं झाकून नुसते खुर्च्यांचे क्रमांक आणि वेळा डॉक्टरबाईंना फोनवर वाचून दाखवायच्या होत्या, त्या तिकडे आपल्या कागदावर खुणा करत होत्या. तिच्या खुर्चीवर सकाळी सातला कोणीतरी होतं. आजींच्या खुर्चीवरही. मी वाचत गेलो. पलीकडून डॉक्टरबाई प्रत्येक क्रमांकाला "हो" म्हणत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. आभार."

आमच्याकडे एक नियम आहे. राखून ठेवलेली जुनी प्रत एकट्यानं पुसता येत नाही. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं हो म्हणायचं, आणि दोघांची नावं नोंदली जायची. नव्या प्रतीचं काम झालं की जुनी सोडायची, म्हणजे पुसून टाकायची असते, कारण राखून ठेवायच्या प्रतींना जागा मोजक्याच असतात. त्या दिवशी संध्याकाळी सगळे उठून चहाला गेले तरी सहकारी बाई बसून राहिली. तिच्या स्क्रीनवर त्या दिवसाची प्रत होती, जिच्यात अजून दुपार होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातची वेळ द्यायची राहिली होती.

ती म्हणाली, "ही सोडायची आहे. मी दुसऱ्या कोणाला विचारते, चालेल? तू जा चहाला."

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो. स्क्रीनवर तारीख होती, फाइलचा आकार होता, आणखी काही नव्हतं. ते सगळं माझ्या ओळखीचं होतं. आत जाऊन पुन्हा बघण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते मी नोंदीत वाचलं होतं, त्याच्या पलीकडचं त्या यंत्रालाही माहीत नव्हतं. रिक्षा कुठली होती, बाकावर मी काय वाचत होतो, ब्लँकेट मिळाल्यावर ती कोणाला काय म्हणाली. तेवढं कुठल्याच प्रतीत नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "मलाच विचार."

तिनं नियमाप्रमाणे विचारलं, प्रतीची तारीख मोठ्यानं वाचून.

"हो," मी म्हटलं. "सोड. ती जागा कोणाला तरी लागेल."